भावासमोर काढलेला फोटो

अमळनेरला आमच्या गल्लीत उन्हाळा लागला की घरोघर उडदाचे पापड सुरू होत, आणि प्रत्येक घराला त्या दिवशी पार्वताक्का हव्या असत. पिठाला तेलाचा हात लावून मुसळाने कुटायचं काम बाकीच्या बायका आळीपाळीने करत. अक्का एकट्या करत, आणि वर बोलतही राहत. "पीठ मऊ झालं की मुसळाचा आवाज बदलतो. कान द्या जरा," असं म्हणून त्या तरण्या सुनांना गप्प बसवत.

त्यांचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून. मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत, तिच्यावरून आमची देवाणघेवाण. अक्कांचे मालक तोताराम निकुंभ तेलाच्या मिलमध्ये होते. एक मुलगी सरला, आणि सासू भिकुबाई. अक्कांचं माहेर सोनगीर, धुळ्याच्या पुढे हमरस्त्यावरचं. अक्का घराबाहेर पडल्या की पदर असा ओढून घेत की त्यांचा डावा कान गल्लीत कधी कोणी पाहिला नसेल. बायका म्हणत, काय मर्यादा आहे बाईची! मीही तेच म्हणत असे.

एका सकाळी मी पूजेला तुळस खुडायला मागे गेले, तर अक्का नुकत्या न्हाऊन पाठमोऱ्या बसल्या होत्या. ओले केस पुढे टाकलेले. कानाच्या पाळीपासून मानेच्या उतारापर्यंत पांढरा डाग, दूध सांडून वाळावं तसा. त्यांनी वळून पाहिलं. पदर घेतला नाही.

"दिसलं ना? आता सांग गल्लीभर."

"मी तुळस न्यायला आले होते, ती नेते," मी म्हटलं.

त्या दिवसापासून आमची खरी मैत्री. सरला पोटात असताना कानामागे टिकलीएवढं सुरू झालं, म्हणाल्या. सासूच्या लक्षात आलं त्या वर्षीपासून कानबाईच्या रोटांच्या पिठाला हात लावू दिला नाही. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचं दळण घरच्या सुनेच्या हातचं लागतं. "म्हातारी कण्हत कण्हत स्वतः दळते, पण जात्याचा खुंटा माझ्या हाती देत नाही." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीने सांगितलं होतं, हे कोणाला लागत नाही, जिवाला काही होत नाही. अक्का म्हणाल्या, "जिवाला होत नाही गं. लेकीच्या लग्नाला होतं. ते त्या बाईच्या पुस्तकात कुठून असणार?"

तेवढी एकच काळजी होती त्यांना. सरलाचं लग्न.

वाल्मीक वैद्यांचं नाव अक्कांनी बाजारात ऐकलं. धुळ्याला त्यांचा दवाखाना होता आणि बाजाराच्या दिवशी ते अमळनेरला येऊन एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर बसत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बोलणं गोड. अक्का मला सोबत घेऊन गेल्या. पदर नेहमीसारखाच ओढलेला. वैद्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग माहेर विचारलं.

"सोनगीर," अक्का म्हणाल्या, आणि लगेच अहिराणीवर आल्या. "आधारनानानी पोर मी."

वैद्यांनी लेखणी खाली ठेवली. "आधारनानानी? आरे, मी बी सोनगिरनाच! मंग तू मन्ही बहीण शे, व माय. पहिले सांगनं नही का?"

आणि मी पाहिलं, अक्कांनी पदर खांद्यावर सोडला.

आमच्याकडची ही रीत बाहेरच्यांना कळायची नाही. माहेरच्या गावचा पुरुष म्हणजे भाऊ. नातं लागत नसलं तरी भाऊ, जात वेगळी असली तरी भाऊ. सासरच्या गावात जी बाई दिरापुढे कधी डोकं उघडं टाकणार नाही, तिच्या दारात माहेरचा भाजीवाला जरी आला तरी ती पदर खाली घेऊन त्याच्याशी बोलते. तेवढ्यापुरती ती पुन्हा मुलगी होते. अक्का त्या ओसरीवर एकदम लहान दिसायला लागल्या. किल्ल्याखालच्या विहिरीचं विचारलं, कोण गेलं, कोण आहे ते विचारलं. निघताना फीसाठी पदराची गाठ सोडायला लागल्या, तर वैद्य म्हणाले, "बहीणपाशी फी लेऊ का मी? पाप लागी माले."

रोज रात्री वहीत चार ओळी लिहायची माझी सवय; त्या दिवशी मीही लिहिलं होतं, आज एक सज्जन माळकरी भेटला.

औषध होतं लावायचं आणि पोटात घ्यायचं, आणि त्याहून कडक पथ्य होतं. दही नाही, ताक नाही, चिंच नाही, मासे नाहीत, वांगं तर अजिबात नाही. खान्देशातल्या बाईला वांगं सोडायला सांगणं म्हणजे काय, हे थंडीत आमच्याकडे या म्हणजे कळेल. काट्यांवर वांगी भाजून भरीत अक्काच करायच्या, सगळ्यांना वाढायच्या, आणि स्वतः कळण्याची, उडीद-ज्वारीच्या पिठाची भाकरी मिठाच्या खड्याशी खायच्या. मी म्हणायची, बोटभर घ्या हो. त्या म्हणायच्या, "भावाने सांगितलंय."

पहिल्याच महिन्यात वैद्य म्हणाले की औषध लागू पडतं का हे नुसत्या डोळ्यांना आठवत नाही, आधीचा फोटो काढून ठेवला पाहिजे. त्यांच्या दवाखान्याशेजारीच स्टुडिओ होता. आम्ही साडी घ्यायच्या निमित्ताने धुळ्याला गेलो. वैद्य स्वतः उभे होते. मान थोडी वळवा, पदर अजून खाली, केस मागे. अक्कांनी सगळं केलं. समोर भाऊ होता ना. फक्त एकदा म्हणाल्या, "भाऊ, हाऊ फोटो कोन्ले दखाडानं नही हां."

वैद्यांनी माळेला हात लावला. "मन्हा दवाखानाना कपाटमा राही."

पुढच्या वर्षी दुसरा फोटो काढला. डाग खरंच थोडा फिका वाटत होता, कडेने काळसर ठिपके आले होते. अक्का इतक्या खूश झाल्या की येताना पेढे घेऊन आल्या आणि माझ्या देवापुढे ठेवले. स्वतःच्या नाही, माझ्या. त्यांच्या घरी कारण विचारलं असतं.

सत्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर सरलाला दोंडाईच्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरचं धान्याचं दुकान, आई लताबाई बोलायला मोकळी. मुलगी पसंत पडली. अक्कांनी सगळं वाढणं आतून केलं, पदर गालाशी धरून. पौष संपला की साखरपुडा, असं ठरलं. डाग तोवर पुन्हा पूर्वीसारखा झाला होता, थोडा हनुवटीकडेही सरकला होता. वैद्य म्हणायचे, जाताना एकदा उसळतो, मग कायमचा जातो.

आणि एका दुपारी बेबाबाई नळावर कागद घेऊन आली. बेबाबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते, आणि गल्लीतली प्रत्येक बातमी आधी तिच्या उंबऱ्यावर थांबते.

"पार्वताक्का, तुम्ही तर छापून आल्या की हो! स्टँडवर वाटतोय एक माणूस. आम्हाला सांगायचं तरी, दृष्ट काढली असती."

गुलाबी कागद. वर वाल्मीक वैद्यांचं नाव, पांढऱ्या डागांवर हमखास इलाज. खाली शेजारी शेजारी दोन लंबगोल फोटो. एकाखाली 'उपचारापूर्वी', दुसऱ्याखाली 'उपचारानंतर'. आणि त्याखाली ठळक अक्षरात: सौ. पार्वताबाई तोताराम निकुंभ, अमळनेर, आणि आमच्या गल्लीचं नाव.

दुसऱ्या फोटोत मान स्वच्छ होती. कानाजवळ अक्कांना एक तीळ आहे, ठसठशीत, तोही नव्हता. फोटोवाल्याने डाग पुसता पुसता तीळही पुसला होता.

नळाखाली हंडा भरून वाहत होता. अक्कांनी कागद हातात धरला आणि डाग, नाव, पत्ता काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "डोकं उघडं आहे माझं."

मग सुरू झालं. मिलच्या सायकल स्टँडवर कोणीतरी तोच कागद तोतारामभाऊंच्या सायकलच्या हँडलला गुंडाळून ठेवला. संक्रांतीला गल्लीतल्या बायका अक्कांकडे आल्या; वाण घेतलं, पण कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढे केलं नाही. "आत्ताच लावलंय हो," प्रत्येकीचं तेच. भिकुबाई ओट्यावर बसून म्हणाली, "मी झाकून ठेवलं इतकी वर्षं. आणि हिने गावाला वाटलं."

"मी नाही वाटलं, आत्याबाई," अक्का म्हणाल्या.

"फोटोला कोण बसलं होतं मग? मी?"

आम्ही दोघी धुळ्याला गेलो. दवाखान्यात बाकांवर पेशंट बसलेले. भिंतीवर धन्वंतरीची तसबीर, आणि तिच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या काचेच्या चौकटीत अक्का. दोन अक्का, डागाची आणि बिनडागाची. खाली उदबत्ती लावलेली. तिचा धूर देवावरून अक्कांवर जात होता.

वैद्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. चेहऱ्यावर अवघडलेपण नव्हतंच, उलट कौतुक होतं.

"दखं ना, अक्का? कितला लोके येतंस तुन्हा फोटो दखीसन! तुन्हामुळे कितल्या बाया बऱ्या व्हतीन. हाई पुण्य शे."

"तू माळले हात लाया व्हता, भाऊ."

"मंग? मी काय तमाशाना पडदावर लाया का फोटो? भाऊनी बहीणना फोटो लाया. त्याम्हान काय वाईट शे?"

"काढी टाक."

"काढसू ना. हाऊ कागदना गठ्ठा सरू दे." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "आनि आयक. दोंडाईचाना लोके पोरले दखाना पहिलेच मन्हाकडे ईसन गयात. त्यास्ना हातमा कागद व्हता. मी सांगं, पूरी बरी व्हयनी बाई, पोरले काही धाक नही. म्हणीसन त्या हो म्हनतंस. आते फोटो काढा तं त्या काय समजतीन?"

म्हणजे लताबाईंना सगळं माहीत होतं. सरलाला पाहायला येण्याआधी त्यांनी हा कागद वाचला होता, आणि वैद्यांच्या शब्दावर विसंबून त्या हो म्हणाल्या होत्या. अक्का पदर गालाशी धरून वाढत होत्या तेव्हा समोरच्यांना वाटत होतं की पदराखाली स्वच्छ मान आहे.

बाहेर आलो तर मला वाटलं आता स्टँडकडे जाऊ. अक्कांनी हँडबिलाच्या तळाला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं ते मला वाचायला लावलं. छापखाना जवळच्याच गल्लीत होता. मालक सत्तारभाई, चष्मा कपाळावर, हात शाईने काळे. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि स्वतःच स्टूल पुढे केलं.

"नावाचं म्हणाल तर ते जुळवलेलं कधीच सुटलं, बाई," ते म्हणाले. "एकेक अक्षर परत खणात गेलं. तुमच्या नावाचा 'प' आता कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत असेल. पण फोटोचा ब्लॉक आहे. जस्ताचा असतो तो. तो आहे तोवर पाहिजे तेवढे कागद निघतात. वैद्यांनी परत मागणी दिलीय."

"तो मला द्या."

"कसा देऊ? बनवून त्यांनी आणलाय. माझ्याकडे नुसता ठेवायला."

"तोंड माझं आहे."

"तोंड तुमचं आहे, जस्त त्यांचं आहे." सत्तारभाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ते येऊन म्हणाले 'द्या', की त्याच मिनिटाला देतो. तोवर छपाईचं काम मी मागे ठेवतो. मशीन बिघडलंय सांगतो. इतकंच माझ्या हातात आहे."

घरी आल्यावर तोतारामभाऊंना सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी म्हणाले, "लग्न होऊ दे आधी. मग पाहू फोटोचं. वैद्याने आपलं कामच केलंय एका परीने."

"खोट्यावर पोरगी देऊ?"

"तू थोडीच खोटं बोललीस?"

सरला दाराशी उभी होती. एकोणीस वर्षांची पोर, सगळं ऐकत होती. म्हणाली, "बाबा, लग्नानंतर आई माझ्याकडे येईल ना? दिवाळीला, बाळंतपणाला? किती दिवस गालाला पदर धरेल? ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी सासूबाई आईला नाही विचारणार. मला विचारतील."

तोतारामभाऊ उठून बाहेर गेले. अक्का माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कुंदा, बाजाराच्या दिवशी चलशील?"

धुळ्याच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात बसायला जागा नसते. अक्का आत शिरल्या आणि नेमकं त्या चौकटीखालचं बाक धरलं. दोन बायका सरकल्या. मग त्यांनी पदर खाली घेतला. केसही मागे घेतले, फोटोत होते तसे. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

मी शेजारी जपमाळ घेऊन बसले होते. खोटं कशाला सांगू, एकही नाव धड निघालं नाही तोंडातून.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग समोरच्या म्हाताऱ्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, परत वर पाहिलं. कुजबुज सुरू झाली. एक मुसलमान बाई, मागाहून कळलं मुमताज नाव, लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीच्या ओठाशी डाग. ती उठून जवळ आली.

"आपा, ये आपका फोटू है?"

"हो."

"दोनों?"

"पहिला माझा. दुसरा स्टुडिओवाल्याचा," अक्का म्हणाल्या. कानाजवळच्या तिळावर बोट ठेवलं, मग वर चौकटीकडे दाखवलं. "औषधाने तीळ जातो का, बाई?"

मुमताजने आपल्या मुलीचं तोंड ओढणीत घेतलं आणि तिथेच उभी राहिली. पाठीमागून कोणी तरी हसलं. एकजण म्हणाला, "हिने पैसे बुडवले असतील वैद्याचे, म्हणून आलीय." दुसरा म्हणाला, "अरे पण मान तर दिसते आहे ना समोर!" दोघं तिघं उठून चालायला लागले.

आतून वैद्य आले. त्यांनी एकदा पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. वाकून हळूच म्हणाले, "अक्का, पदर ले. लोके दखी राहिनात."

"भाऊसमोर कसाना पदर?" अक्का म्हणाल्या. हळू नाही, सगळ्यांना ऐकू येईल असं.

वैद्य सरळ झाले. त्यानंतर त्यांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द निघाला नाही. "बाई, तुम्हाला काय हवंय ते आत येऊन बोला."

"मला आत यायचं नाही. फोटो काढा. आणि छापखान्यातला ब्लॉक द्या. तोवर मी इथेच आहे. उद्याही आहे."

"मी तुमच्याकडून पैसा घेतला नाही, हे विसरलात?"

"घेतला असता तर बरं झालं असतं. पेशंट झाले असते मी."

बराच वेळ गेला. वैद्य आत गेले, बाहेर आले, कोणा पेशंटला हाक मारली तर तो उठेना. शेवटी त्यांनी स्वतः स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि चौकट खाली उतरवली. भिंतीवर तेवढा चौकोन नवा कोरा राहिला. मग चपला घालून, आमच्याकडे न बघता, छापखान्याकडे निघाले. आम्ही मागे. सत्तारभाईंनी वैद्यांच्या तोंडून "देऊन टाका" ऐकलं आणि फळीवरून लाकडावर ठोकलेला तो जस्ताचा तुकडा काढून थेट अक्कांच्या हातात ठेवला. रस्त्यात वैद्य थांबले.

"सोनगिरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही मला."

अक्का म्हणाल्या, "मी सोनगीरला सांगणार नाही काही. तुम्हीच सांगाल." आणि खरं सांगते, तसंच झालं.

घरी आल्यावर त्यांनी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर वाळू टाकली आणि तो ब्लॉक घासला. ब्लॉकमध्ये तोंड उलटं असतं, डावा कान उजवा झालेला. दोन्ही चेहरे जाईपर्यंत घासत होत्या. बोटं सोलली. भिकुबाई ओट्यावरून पाहत होती.

मग त्या आणि तोतारामभाऊ दोंडाईच्याला गेले. मी नव्हते, सरलाने मला सांगितलं ते आईच्या तोंडून ऐकलेलं. लताबाईंनी चहा केला. अक्कांनी त्यांच्यासमोर पदर घेतला बाजूला आणि म्हटलं, हे असं आहे, हे बरं झालेलं नाही, मुलीला नाही, पुढचं देवाच्या हाती. लताबाई म्हणाल्या, वैद्य तर म्हणाले होते. अक्का म्हणाल्या, ते खोटं होतं. लताबाई म्हणाल्या, "मग इतके दिवस तुम्ही का नाही बोललात? तुमच्याच नावाचा कागद आहे. तुमच्याच फोटोचा. आम्ही तर तुमचाच शब्द धरला."

"तो माझा शब्द नव्हता," अक्का म्हणाल्या. पण कागदावर नाव त्यांचं होतं, त्याला काय करणार?

स्थळ मोडलं. निरोप मध्यस्थाकडून आला, आणि त्यात एक वाक्य जास्तीचं होतं: फसवायला निघाले होते. तोतारामभाऊ दोन दिवस जेवले नाहीत. सरला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, आईच्या केसांना तेल लावून दिलं, विंचरून वर घट्ट अंबाडा बांधला, कान मोकळा दिसेल असा. अक्कांनीही तो सोडला नाही. त्या दिवसापासून त्या गल्लीत तशाच फिरतात, डोक्यावर पदर असतो पण गालावर नाही.

अक्षय्य तृतीयेला, आम्ही आखाजी म्हणतो आणि लेकी माहेरी जातात, सोनगीरहून कोणी न्यायला आलं नाही. वडील आधारनाना तर थकलेले. चुलतभावाने निरोप पाठवला, गावच्या माणसाची चार लोकांत बेअब्रू केलीस, आता सध्या येऊ नकोस, वातावरण निवू दे. अक्कांनी निरोप्याला सरबत दिलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "माझा फोटो त्याने लावला. आणि बेअब्रू त्याची झाली! कसं असतं बघ." त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं ते तेव्हा. डागासाठी नाही, मोडलेल्या लग्नासाठीही नाही.

मी स्वतः त्या वर्षी माळकरी माणूस दिसला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. देवाला म्हटलं, हे काही बरं नाही केलंस तू माझं.

ब्लॉक गेला, फोटो उतरला. पण जे कागद वाटून झाले होते ते परत कसे येणार? कोणाच्या डब्याच्या तळाला, कोणाच्या शेंगदाण्याच्या पुडीला, कुठे कुठे ते निघत राहिले. आणि त्यावर पत्ता होता.

पावसाळ्याच्या तोंडाशी पारोळ्याकडची एक बाई विचारत विचारत गल्लीत आली. बेबाबाईनेच घर दाखवलं. मी अक्कांकडेच बसले होते, दोघी सुपात डाळ निवडत. त्या बाईच्या हाताच्या पाठीवर डाग होते, नवे. कमरेच्या पिशवीतून तिने गुलाबी कागद काढला, घड्यांवर फाटलेला, आणि एकदा कागदाकडे, एकदा अक्कांकडे पाहिलं.

"तुम्हीच ना ह्या?"

"मीच." अक्कांनी तिला पाणी दिलं, शेजारी बसवून घेतलं, मान वळवून दाखवली. सगळं सांगितलं. औषध किती वर्षं घेतलं, काय झालं, स्टुडिओवाल्याने काय पुसलं.

बाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग चाचरत म्हणाली, "आम्ही आधी धुळ्याला जाऊन आलो ना. वैद्यबुवा म्हणाले, त्या अमळनेरच्या बाईला बरं झालंच होतं. तिने पथ्य मोडलं. वांगं खाल्लं म्हणे."

अक्कांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"खाल्लं होतं का हो?" बाईने विचारलं. विचारण्यात वाईट भाव नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," अक्का म्हणाल्या.

"चुकून? कुणाच्या लग्नात वगैरे?"

"नाही गं बाई."

तिने अक्कांकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं. मला दिसत होतं, ती काय ठरवते आहे ते. जी बाई बरी होऊन मग चुकली, तिच्यापेक्षा आपण जपून राहू, हे मानणं तिला सोपं होतं. दुसरं मानलं तर परतीच्या वाटेवर हातात काय घेऊन जाणार ती?

अक्का म्हणाल्या, "तो कागद मला दे."

बाईने तो पटकन घडी करून पिशवीत घातला. "राहू द्या. त्यात त्यांचा दवाखान्याचा पत्ता आहे. औषध घ्यायला परत जायचंय ना."

स्टँडकडे जायचा रस्ता विचारून ती निघाली. अक्का उंबऱ्यापर्यंत गेल्या तिच्यामागे, हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. परत येऊन डाळीचं सूप मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागल्या.